पहिला ‘नको’ खरा धरिला, त्याची हकीकत

श्री चूल प्रसन्न. भिंतीस राहून अहोरात्र फिरणारा जो विजेचा मीटर, तो कोणाची भीड धरीत नाही, म्हणोन त्यासही आरंभीच नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर.

कढईवर झाकण पडिले.

टूथपेस्टचे पोट कात्रीने उभे चिरिले, आणि आंत आठवड्याचा ऐवज निघाला.

महाराजांचा हात ताटावर अधांतरी राहिला.

पाटकरबाई जिन्यात उभ्या राहून भिंतीस म्हणाल्या, “विचारलं, आणि बसली!”

कणकेचा डबा, महिना सरत आला तरी निम्मा भरलेला.

चोळीस एक सेफ्टी पिन होती, तिच्याशेजारी दुसरी आली.

रविवारी खाली मोटार वाजली.

ऐसी ही वर्तमाने सुटी सुटी पडिली होती, ती ओवून येणेंप्रमाणे. राज्य तीन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस न्हाणीघर, उत्तरेस जिना, आणि जिन्यापलीकडे पाटकरांचे राज्य. गादीवर श्रीमंत हेरंबराव महाराज, बाहेर एका कंपनीत नोकर परंतु घरांत महाराजच. राणीसाहेब सुलभाबाई, ज्यांच्या हाती मुदपाकखाना, तिजोरी आणि अक्कल ही तिन्ही खाती. आणि महाराजांच्या मातोश्री द्वारकाबाईसाहेब, वय पंचाहत्तर, ज्यांनी आपल्या हयातीत कोणापाशी खाण्याचा पदार्थ म्हणोन मागितला नाही. चैत्रमासी कंपनीने महाराजांस आंत बोलाविले आणि चहा दिला आणि पगार तिसऱ्या हिश्श्याने उतरविला. महाराज घरी आले ते पादत्राणांसह कोचावर बसले, आणि तेव्हांच राणीसाहेबांनी ओळखिले की मुलखावर कांही आले. हे वर्तमान महाराजांच्या थोरल्या बंधूंस, भालचंद्ररावांस, दुसऱ्या शहरी पोहोंचले. त्यांचे राज्य बाविसाव्या मजल्यावर, कांचेचे, आणि दिवसभर कुलुपांत. नवरा-बायको दोघेही कामावर जाणार. त्यांचा फोन आला, आणि महाराजांस फोन मोठ्याने लावण्याची खोड, म्हणोन सर्व दरबाराने ऐकिले.

“हेरंब, झेपत नसेल तर आईला इकडे पाठवून दे. राग मानू नकोस, पण एक माणूस म्हणजे शेवटी एक माणूस असतं.”

महाराज म्हणाले, “बघू.” आणि राणीसाहेब पोळपाटावर लाटणे तसेच ठेवून उभ्याच राहिल्या, कारण की ‘बघू’ या शब्दात महाराजांनी आजवर पुष्कळ गोष्टी घालविल्या होत्या. मातोश्री आंतल्या खोलीत वाती वळीत होत्या. त्यांनी ऐकिले नसावे ऐसे राणीसाहेबांनी मनाशी ठरविले, आणि त्याच जागी दुसरेही ठरविले की मातोश्री या घरांतून जाणार नाहीत. याचे कारण मोठे धर्माचे नव्हे. दुपारी दोघींनी समोरासमोर बसून मटार सोलावे, आणि मातोश्रींनी मालिकेतील सुनेस नावे ठेवावी, आणि सुलभाबाईंनी मालिकेतील सासूस नावे ठेवावी, आणि दोघींनी एकमेकींस दुजोरा द्यावा, यावांचून राणीसाहेबांस दुपार लोटत नसे. त्याच मातोश्री कांचेच्या घरांत दिवसभर कोणाशी बोलतील?

मग राणीसाहेबांनी कंबर बांधिली, आणि रोज एक नवी रीत काढिली, आणि रोज राज्य हबकले. पूर्वी आधी गॅस पेटवावा आणि मग कांदा शोधावा ऐशी वहिवाट होती. आतां कांदा चिरून, मोहरी हाताशी घेऊन, मगच शेगडीस काडी. डाळ आदल्या दिवशी भिजू लागली. कढईवर झाकण पडिले, तेव्हां महाराज “आत काय आहे?” म्हणोन दचकले, कारण की त्या घरांत झाकण उरलेल्या पदार्थावरच पडत असे. दिवसांत पाच वेळां होणारा चहा एकदाच करून थर्मासांत कोंडिला. खोलीतून निघतां दिवा मालवावा ऐसा हुकूम जाहला, आणि राणीसाहेबांच्या हातास ती संवय इतकी बसली की एके दिवशी न्हाणीघराबाहेरून जातां जातां बटण खाली केले, आणि आंतून महाराजांची आरोळी उठली.

“अग! मी आहे आत! डोळ्यात साबण आहे माझ्या!”

“मग डोळे मिटलेलेच आहेत ना,” राणीसाहेब म्हणाल्या, आणि दिवा लाविला, परंतु सावकाश.

मोबाइलवर कांही मागविणे जाहल्यास ती वस्तू एक दिवस न मागवितां यादीत तशीच पडू द्यावी आणि दुसरे दिवशी पुन्हा पाहावी, हाही हुकूम. महाराजांनी संत्रे सोलण्याचे यंत्र पसंत करून ठेविले होते. दुसरे दिवशी ते त्याकडे बराच वेळ पाहात राहिले आणि म्हणाले, “हे मी मागवत होतो? मी तर संत्री खात नाही.” आजवर घरांत आलेल्या कित्येक वस्तू त्यांस एकदम आठवल्या असाव्या. बाजार सायंकाळी उठतां उठतां करावा. दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहांत घालावे. शॉवर सोडून बादली घ्यावी, ऐसे चालिले. विजेचे बिल उतरले, सिलिंडर आठ दिवस अधिक चालिला, आणि राणीसाहेबांस विजयाची चटक लागली. चटक वाईट. विजयाची तर फारच.

येथवर कोणाचे कांही बिघडले नव्हते. पुढे बिघडले ते पोळीपायी. वैशाखांत राणीसाहेबांच्या ध्यानांत आले की रात्री डब्यांत एक पोळी उरते, कधी दोन, आणि सकाळी त्यांस कोणी धनी होत नाही. ही पोळी येते कोठून, याचा त्यांनी तपास केला आणि मुळापाशी गेल्या. त्या राज्यांत पंक्तीची रीत ऐशी की वाढणाराने “पोळी?” म्हणावे आणि जेवणाराने “नको” म्हणावे. हा पहिला नको कोणी नको म्हणोन ऐकत नसे, तो सभ्यपणाचा. मग वाढणाराने “घ्या हो, अर्धी” म्हणावे, आणि जेवणाराने ताटावर हात आडवा धरावा. हा दुसरा नको संकोचाचा. तिसरा नको आला तर कदाचित् खरा, आणि तोवर पोळी ताटांत पडलेली. सर्व जन्मभर ऐसेच जेवले, आणि कोणास किती भूक आहे हे कोणी कोणास कधी सांगितले नाही, आणि तरी सर्वांची पोटे भरली. या आग्रहाच्या हिशोबाने कणीक जास्त भिजे आणि पोळ्या जास्त होत. राणीसाहेब मनांत म्हणाल्या, हेच ते भगदाड. आणि त्याच दिवशी जेवणाचे वेळी हुकूम सुटला.

“आजपासून मी एकदाच विचारणार. हो म्हणालात तर वाढणार, नको म्हणालात तर नको. उगाच आग्रह नाही.”

“म्हणजे?” महाराज म्हणाले.

“म्हणजे पोळी वाढू?”

“नको,” महाराज म्हणाले, पन्नास वर्षांच्या संवयीने, आणि हात ताटावर आडवा धरिला. राणीसाहेब डबा बंद करून पुढे गेल्या. हात तसाच अधांतरी राहिला. महाराजांनी हाताकडे पाहिले, डब्याकडे पाहिले, मातोश्रींकडे पाहिले. ऐसा प्रकार त्या राज्यांत कोणी ऐकिला नव्हता, पाहिला नव्हता.

“आई, तुम्हाला?”

“नको ग,” मातोश्री म्हणाल्या. “झालं माझं.” आणि एका पोळीवर उठल्या.

(येथे आमटी सांडल्यामुळे दोन ओळी लागत नाहीत.)

दुसरे दिवशी पाटकरबाई सहज आल्या. राणीसाहेबांनी विचारिले, “चहा घेता?” पाटकरबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, “छे हो, आत्ताच झाला.” आणि राणीसाहेब समोर बसल्या. बसल्या त्या बसल्याच. पाटकरबाई स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहात राहिल्या, की आतां उठेल, मग उठेल. हवापाण्याचे बोलणे जाहले, पाण्याच्या टँकरचे जाहले, आणि कपबशीचा आवाज म्हणोन नाही. शेवटी त्या घसा कोरडा घेऊन निघाल्या, आणि जिन्यांत भिंतीस जे बोलल्या ते वर आलेच आहे. सायंकाळपर्यंत ते सर्व इमारतीस ठाऊक जाहले, आणि चवथ्या मजल्यावरील एक गृहस्थ तर म्हणाले की आजारी असेल बिचारी.

महाराज पुरुष माणूस, चार दिवसांत निर्ढावले. पाचवे दिवशी “पोळी?” म्हणतांच “हो” म्हणाले, आणि “आमटीही” म्हणाले, आणि पुढे पुढे तर विचारण्याआधीच ताट पुढे करू लागले. मातोश्रींस तो ‘हो’ कांही केल्या जमेना. माहेरी त्या सहा भावंडांत वाढल्या, तेथे मागणे म्हणजे हावरेपणा; सासरी शेवटच्या पंगतीस बसल्या, तेथे मागण्यास कांही उरत नसे. पंचाहत्तर वर्षे जे तोंड ‘नको’ म्हणत आले त्यास ‘हो’ कसा फुटावा? एकदा ओठांपर्यंत आला होता. राणीसाहेबांच्या हातीं भरल्या वांग्याचे भांडे होते आणि मातोश्रींनी तोंड उघडिले, परंतु बाहेर पडिले ते “नको ग” हेच. राणीसाहेबांनी ऐकिले आणि भांडे झाकिले. वय जाहले, भूक मंदावली, ऐसे त्यांस वाटले. चोळी सैल पडून मातोश्रींनी पिन लाविली, पुढे दुसरी लाविली, तेही त्यांनी पाहिले आणि शिलाई उसवली असेल ऐसे समजल्या. कणकेचा डबा निम्मा भरलेला पाहून त्यांस इतके समाधान जाहले की त्यांनी महाराजांस हाताला धरून दाखविला. “बघा! आता कोणी म्हणू दे, एक माणूस म्हणजे एक माणूस. आपण सहज राहू शकतो तिघं.” मातोश्री मागे उभ्या होत्या. त्यांनीही डबा पाहिला.

मग आषाढमासी, चारचे सुमारास, राणीसाहेब इडलीपात्र परत करण्याकरितां पाटकरांकडे गेल्या. दार लोटलेलेच होते. आंत कोचावर मातोश्री द्वारकाबाईसाहेब बसल्या होत्या, आणि हातांत थालीपीठ होते, आणि थालीपिठावर लोणी होते, आणि त्या खात होत्या. चवीने नव्हे, भुकेने. राणीसाहेबांच्या हातून पात्र निसटले आणि सगळ्या ताटल्या फरशीवर वाजत गेल्या. राज्याच्या मातोश्रींनी परराज्यांत जेवावे! आणि तेही त्या राज्यांत, जेथील बाईस आपण चहाविना परत पाठविले!

“बसा,” पाटकरबाई म्हणाल्या. “तुम्हाला काय, थालीपीठ?”

“नको,” राणीसाहेब म्हणाल्या.

“घ्या हो गरम आहे. आम्ही परत विचारतो. आमच्याकडे अजून परवडतं.”

हा वार वर्मी बसला. राणीसाहेबांनी मातोश्रींकडे पाहिले. मातोश्रींनी बोटांचे लोणी पदरास पुसले, लहान मूल चोरी करतांना सापडावे तैशा त्या उठल्या, आणि दोघी जिना ओलांडून आपल्या मुलखांत आल्या. दार लागले. राणीसाहेब म्हणाल्या, “आई, किती दिवस?”

“अग, मी आपली गप्पा मारायला जाते.”

“घरात कणीक पडून आहे! डबाभर! आणि तुम्ही शेजारी—”

“तेच ना ग. तू किती जपून करतेस सगळं. दिवे मालवतेस, पिशवी विसळतेस. मला वाटलं, आपल्याकडून काय होईल, तर तेवढं माझ्या तोंडचं...” मातोश्री थांबल्या. “आणि भालूला फोन केलाय मी. रविवारी येतोय न्यायला.”

राणीसाहेब आंतल्या खोलीत गेल्या, तो पलंगाखाली मातोश्रींची बॅग, भरून, पट्टा ओढून तयार. ज्या एका गोष्टीकरितां चार महिने झाकणे आणि बटणे आणि बादल्या, ती गोष्टच त्यांच्या हुकुमाने उठून बॅगेंत बसली होती.

“मी कधी जा म्हटलं तुम्हाला?”

“तू कशाला म्हणशील?”

“मी रोज विचारते, आई! रोज! पोळी वाढू का, भाजी वाढू का—”

“एकदा,” मातोश्री म्हणाल्या.

“काय?”

“एकदा विचारतेस. एकदा दुकानात विचारतात ग, पिशवी हवी का म्हणून. घरात कोण एकदा विचारतं?” हे त्या रागाने बोलल्या नाहीत. हवा कशी आहे ते सांगावे तैसे बोलल्या.

हुकूम त्याच सायंकाळी मागे घेतला गेला. राणीसाहेबांनी पोळीवर तूप घातले, मातोश्रींनी हात आडवा धरिला, राणीसाहेबांनी हातावरच पोळी ठेविली, आणि मातोश्री जेवल्या; परंतु बॅग पलंगाखालून हलली नाही. आणि ‘राहा’ हा शब्द राणीसाहेबांच्या तोंडून निघेना. पोळी वाढणे सोपे. राहा म्हणावे आणि त्यांनी नको म्हणावे, तर तो कितवा धरावा? हा घोर त्यांस शनिवारपर्यंत पुरला.

रविवारी खाली मोटार वाजली. भालचंद्रराव जिना चढून आले, दारांतूनच म्हणाले, “चल आई, खाली गाडी दुसऱ्याच्या दारात लावलीय.” मातोश्रींनी देवास नमस्कार केला, चपला पायांत घातल्या, बॅग हातीं घेतली. महाराज म्हणाले, “सांभाळून जा.” इतके बोलून ते गॅलरीकडे पाहूं लागले. तेव्हां राणीसाहेब दाराच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

“आई, राहा.”

“नको ग,” मातोश्री म्हणाल्या. “ठरलंय आता.”

“राहा म्हणते ना.”

“नको. भालूने एवढं पेट्रोल जाळलंय.”

“जळू दे. राहा.”

“नको म्हटलं ना, सुलभा.”

महाराज गॅलरीकडूनच हळू म्हणाले, “झाले की तीन.” त्या राज्याच्या रीतीने तिसऱ्यापुढे विचारणे नाही. वाढणाराने भांडे खाली ठेवावयाचे आणि जेवणाराने उठावयाचे. मातोश्रींनीही तेच जाणोन बॅगेवर दुसरा हात आडवा धरिला, जैसा ताटावर धरितात. राणीसाहेबांनी तो हात उचलून बाजूस केला, बॅग काढून घेतली, आणि डोळ्यांस पाणी, नाकास पाणी, ऐशा अवस्थेत चवथ्यांदा म्हणाल्या, “आई, राहा.”

मातोश्रींनी सुनेकडे पाहिले. मग एक चप्पल काढिली.

“बरं,” म्हणाल्या. “अर्धंच.”

“अर्धं म्हणजे?” भालचंद्रराव ओरडले.

“अर्धं वर्ष. पौषापर्यंत इकडे, मग तुझ्याकडे.”

“अग आई, मी दोनशे किलोमीटर आलोय सकाळपासून!”

“मग जेवून जा.”

“नको, मला उशीर—” येथवर भालचंद्रराव बोलले, आणि पाहतात तो पाट मांडिला होता, ताट वाढले होते, आणि ज्याच्या दारांत गाडी लाविली तो गृहस्थ खालून हाका मारीत होता.

सारांश, झाकणे राहिली, बादली राहिली, दिवे मालवणे राहिले, थर्मास फुटला. आग्रहाचा खर्च पूर्ववत् चालू जाहला, आणि तो भरून काढण्यास राणीसाहेबांनी आपल्या इमारतीतील मुलांच्या शिकवण्या धरिल्या. पाटकरबाईंस चहा गेला, त्या तीन वेळां नको म्हणाल्या, आणि दोन कप प्याल्या. मातोश्रींची चोळी भाद्रपदांत अंगास बसली. राज्य लहान, तिघांचे, पौषापर्यंत अखंड.

आपल्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुलभाबाईसाहेबांनी चवथी पोळी चार वेळां नको म्हटली होती, ती मातोश्रींनी वाढलीच. ती सुलभाबाईंस खरोखर नको होती.